बाँबे क्रॉनिकल

बाँबे क्रॉनिकल : मुंबईहून प्रसिद्ध होणारे एक राष्ट्रीय वृत्तीचे इंग्रजी दैनिक (१९१३–५९). सर फिरोझशाह मेहता (१८४५–१९१५) यांनी ते स्थापन केले. बेंजामिन गाय हॉर्निमन, मार्माड्यूक पिक्थॉल आणि सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी हे त्याचे प्रमुख संपादक होत. होमरूल चळवळ, रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह, असहकारिता आणि सविनय कायदेभंग या सर्व आंदोलनांच्या काळात मुंबईच्या सुशिक्षित वर्गाचे मत सरकारपुढे निर्भयपणे मांडणारे पत्र म्हणून त्याची ख्याती होती. ज्या पक्षपाती इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीला तोंड देण्यासाठी ते निघाले, ती सृष्टी स्वातंत्र्यानंतर पालटली आणि त्यानंतर बारा वर्षांच्या आत हे पत्रही बंद पडले. त्यामुळे लोकमताच्या बळावर उभे राहिलेले वृत्तपत्र कशाने तगते व कशाने खचते, याचा विचार करताना बाँबे क्रॉनिकलचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो.

पार्श्वभूमी : मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. बाँबे हेरल्ड (१७८९), बाँबे कुरियर (१७९०) आणि बाँबे गॅझेट (१७९१) ही आरंभीची पत्रे कंपनी सरकारचे अधिकारी आणि यूरोपीय व्यापारी यांच्यासाठी होती. १८३८ मध्ये निघालेल्या बाँबे टाइम्सचे १८६१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया असे नामांतर झाले आणि पुढे तेच पश्चिम भारतातील सर्वांत वजनदार इंग्रजी दैनिक बनले. देशी भाषांत मुंबई समाचार (१८२२) व दर्पण (१८३२) यांच्यापासून वृत्तपत्रांची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली होती. बाळशास्त्री जांभेकर यांनी दर्पण इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत काढले. १८६२ साली निघालेल्या इंदुप्रकाशनेही तीच पद्धत स्वीकारली. राज्यकर्त्यांना ऐकू जाईल अशा भाषेत प्रजेचे म्हणणे मांडले पाहिजे, ही जाणीव यामागे होती. तथापि या पत्रांची साधनसामग्री बेताची असल्यामुळे इंग्रजांच्या मालकीच्या मोठ्या दैनिकांशी त्यांना बरोबरी करता येणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत हिंदू व कलकत्त्यात अमृत बझार पत्रिका ही भारतीयांच्या मालकीची इंग्रजी दैनिके प्रतिष्ठा पावली होती. व्यापार, कापडगिरण्या आणि नगरपालिकेचा कारभार यांबाबत देशात अग्रेसर असलेल्या मुंबईत मात्र त्या तोडीचे दैनिक नव्हते. १९०८ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. शहरातील लोकमत आणि शहरातील प्रमुख इंग्रजी वृत्तपत्र यांच्यामधील अंतर त्या वेळी ठळकपणे दिसून आले.

स्थापना : पत्राच्या स्थापनेला निकटचे कारण मुंबई नगरपालिकेच्या राजकारणाने पुरविले. १८८८ च्या नगरपालिका कायद्याच्या घडणीत फिरोझशाह मेहतांचा मोठा वाटा होता व पालिकेवर त्यांचा दीर्घकाळ प्रभाव होता. १९०७ च्या निवडणुकीत त्यांना पाडण्यासाठी महालेखापाल हॅरिसन यांच्या पुढाकाराने काही यूरोपीय अधिकाऱ्यांनी एक गट बांधला. हा गट ‘कॉकस’ या नावाने ओळखला जातो. टाइम्स ऑफ इंडियाचे तत्कालीन संपादक लोव्हॅट फ्रेझर यांचाही त्यास पाठिंबा होता. ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मतदारवर्गाकडे सोळा जागा होत्या व मेहता सतरावे आले. पुढे निवडून आलेला एक सदस्य अपात्र ठरल्यामुळे त्यांना पालिकेत प्रवेश मिळाला. प्रतिपक्षाकडे सत्तेच्या जोडीला वृत्तपत्र आहे आणि आपल्या बाजूला ते नाही, ही उणीव या प्रसंगाने मेहतांच्या प्रकर्षाने लक्षात आणून दिली. संपूर्णपणे भारतीय भांडवलावर चालणारी सेंट्रल बँक ऑफ इंडिया १९११ मध्ये निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद मेहतांनीच स्वीकारले होते. पतपेढीच्या क्षेत्रात जे स्वावलंबन त्यांना अभिप्रेत होते, तेच वृत्तपत्राच्या क्षेत्रात साधावे, या हेतूने त्यांनी भागभांडवल उभारून कंपनी काढली आणि १९१३ मध्ये बाँबे क्रॉनिकल सुरू झाले. योगायोग असा, की शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेले बाँबे गॅझेट १९१४ मध्ये बंद पडले. त्यानंतर शहरातील इंग्रजी वाचकांपुढे टाइम्स व क्रॉनिकल हे दोन परस्परविरोधी पर्याय राहिले.

हॉर्निमन यांची कारकीर्द : संपादक म्हणून मेहतांनी एका इंग्रज पत्रकाराची निवड केली. बेंजामिन गाय हॉर्निमन (१८७३–१९४८) हे १९०६ मध्ये भारतात आले आणि कलकत्त्याच्या स्टेट्समन या दैनिकात काम करू लागले. वंगभंगाच्या चळवळीचा काळ त्यांनी तेथे जवळून पाहिला. इंग्लंडमधील वृत्तपत्रस्वातंत्र्याची कसोटी हिंदुस्थानातील कारभारालाही लावली पाहिजे, ही त्यांची धारणा होती. बातमी मिळविण्याची धडपड, सुटसुटीत मांडणी आणि रोखठोक अग्रलेख यांमुळे क्रॉनिकलने थोड्याच अवधीत वाचकांचा विश्वास संपादन केला. १९१० च्या मुद्रण कायद्यान्वये मुद्रक व प्रकाशकांकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार शासनाला मिळाला होता. या कायद्याविरुद्ध पत्रकारांनी १९१५ मध्ये प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना स्थापन केली. हॉर्निमन हे तिचे अध्यक्ष होते.

मेहतांचे १९१५ च्या नोव्हेंबरात निधन झाले आणि पत्राच्या धोरणासंबंधीचे मतभेद वाढू लागले. मेहता नेमस्त पक्षाचे धुरीण होते, तर हॉर्निमन होमरूल चळवळीकडे ओढले गेले होते. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या होमरूल लीगचे ते उपाध्यक्ष झाले. कंपनीच्या संचालक मंडळातही नेमस्तांचा प्रभाव ओसरून होमरूलवाद्यांचे वजन वाढले. बॅ. महंमद अली जीना हे या काळात संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या निरोपानिमित्त डिसेंबर १९१८ मध्ये टाउन हॉलमध्ये सभा भरविण्यात आली, तेव्हा जीना व हॉर्निमन यांनी त्या सभेला केलेला विरोध गाजला. ज्या एल्फिन्स्टन सर्कलसमोर हा टाउन हॉल उभा आहे, त्या परिसराला पुढे हॉर्निमन यांचेच नाव मिळाले.

१९१९ चे संकट : रौलट कायद्याच्या निषेधार्थ ६ एप्रिल १९१९ रोजी मुंबईत हरताळ पाळला गेला. म. गांधींच्या सत्याग्रह सभेचे हॉर्निमन हे उपाध्यक्ष होते. १३ एप्रिल रोजी अमृतसर येथे जालियनवाला बागेतील हत्याकांड घडले. पंजाबात लष्करी कायदा पुकारण्यात आल्यामुळे तेथील वार्ता बाहेर पडणे दुरापास्त झाले होते. अशा स्थितीत क्रॉनिकलने पंजाबातील बातम्या मिळवून प्रसिद्ध करण्याचा प्रयत्न केला. पत्राचे बातमीदार गोवर्धन दास यांना त्यासाठी तीन वर्षे कारावास भोगावा लागला. २६ एप्रिल १९१९ रोजी सरकारने हॉर्निमन यांना भारत संरक्षण कायद्याखाली अटक केली आणि त्याच दिवशी त्यांना बोटीवर चढवून इंग्लंडला हद्दपार केले. दिल्लीतील जमावावर मऊ टोकाच्या गोळ्या झाडल्याचा मजकूर क्रॉनिकलने छापला व पत्राचे अंक ब्रिटिश सैनिकांत फुकट वाटले गेले, असे समर्थन भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत केले. संपादकावर न्यायालयात आरोप ठेवून ते शाबित करण्याचा मार्ग मात्र सरकारने पत्करला नाही.

यानंतर पत्रावर अभ्यवेक्षण, म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर सरकारकडून तपासून घेण्याचे बंधन, लादण्यात आले आणि त्याचे प्रकाशन काही काळ थांबवावे लागले. ही पोकळी भरून काढण्यासाठी यंग इंडिया हे साप्ताहिक म. गांधींच्या देखरेखीखाली मे १९१९ पासून आठवड्यातून दोनदा निघू लागले. गांधींच्या इंग्रजी पत्रकारितेतील या महत्त्वाच्या टप्प्याला क्रॉनिकलवरील आघात असा कारणीभूत झाला. इंग्लंडमध्ये गेल्यावरही हॉर्निमन गप्प बसले नाहीत. पंजाबातील अत्याचारांची माहिती त्यांनी तेथील वृत्तपत्रांतून दिली आणि अमृतसर अँड अवर ड्यूटी टू इंडिया (१९२०) हे पुस्तक लिहिले.

पिक्थॉल व ब्रेल्वी : हॉर्निमन यांच्यानंतर १९२० मध्ये मार्माड्यूक पिक्थॉल (१८७५–१९३६) संपादक झाले. ते इंग्रज कादंबरीकार असून त्यांनी १९१७ मध्ये इस्लाम धर्माचा जाहीर स्वीकार केला होता. कुराणाच्या त्यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे (१९३०) ते पुढे जगप्रसिद्ध झाले. खिलाफत व असहकारिता या चळवळी हातात हात घालून चालत असल्याच्या काळात त्यांची निवड झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९२४ मध्ये त्यांनी हे पद सोडले व त्यानंतर ते हैदराबाद संस्थानच्या सेवेत गेले.

१९२४ ते १९४९ ही पंचवीस वर्षे सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी (१८९१–१९४९) यांची होती. हॉर्निमन यांच्या लेखणीत झंझावाती आवेश होता, तर ब्रेल्वींचा भर संयम, सातत्य आणि वैचारिक स्पष्टता यांवर होता. दांडी यात्रा (१९३०) आणि तिच्या पाठोपाठ मुंबईत उसळलेले मिठाचे सत्याग्रह यांचे क्रॉनिकलमधील वृत्तांत पुढील काळातील इतिहासकारांना महत्त्वाचे साधन ठरले. सविनय कायदेभंगाच्या काळात ब्रेल्वींनी तुरुंगवासही भोगला. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ते राष्ट्रीय वृत्तीच्या मुसलमान नेत्यांपैकी एक होते आणि मुस्लिम लीगच्या द्विराष्ट्रवादाला त्यांचा विरोध होता. ज्या पत्राच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद एके काळी जीनांकडे होते, त्याच पत्रातून एक मुसलमान संपादक जीनांच्या फाळणीच्या मागणीचा प्रतिवाद करीत होता. भारतीय राजकारणात दोन तपांत किती उलथापालथ झाली, याची कल्पना यावरून येते.

पत्राचे स्वरूप : राजकीय मतप्रचार हा क्रॉनिकलचा प्राण असला, तरी ते केवळ मतपत्र नव्हते. नगरपालिकेच्या सभा, बाजारभाव, न्यायालयातील खटले, गिरण्यांतील संप, नाटके, बोलपट आणि क्रिकेट अशा महानगराच्या सर्व व्यवहारांना त्यात स्थान होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३५ नंतरच्या काळात या पत्रात चित्रपटसमीक्षा लिहिली. त्यांचा ‘लास्ट पेज’ हा साप्ताहिक स्तंभ येथेच सुरू झाला. पुढे ब्लिट्झ साप्ताहिकातून तो १९८७ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिला. डी. एफ्. कराका यांनी क्रॉनिकलचे युद्धवार्ताहर म्हणून काम केले व नंतर करंट हे साप्ताहिक काढले. मुंबईतील पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, यूरोपीय व इतर असे धर्म व वंश यांनुसार संघ उतरत. या पद्धतीमुळे जातीय भावना चेतविल्या जातात, अशी टीका क्रॉनिकलने केली. खेळाच्या पानावरही पत्राने आपली तात्त्विक भूमिका सोडली नाही, याचे हे उदाहरण होय.

हॉर्निमन १९२६ मध्ये भारतात परतले आणि काही काळ पुन्हा क्रॉनिकलच्या संपादनात सहभागी झाले. नंतर त्यांनी इंडियन नॅशनल हेरल्ड हे स्वतःचे पत्र काढले. ते फार काळ टिकले नाही. १९३३ पासून सु. बारा वर्षे त्यांनी बाँबे सेंटिनल या क्रॉनिकलच्या जोड सायंदैनिकाचे संपादन केले. शहराच्या वाढत्या विस्ताराशी सायंदैनिकांच्या प्रसाराचा निकटचा संबंध आहे. चर्चगेटहून विद्युत् गाड्या १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) वसई-विरारपर्यंत धावू लागल्या. कोट विभागात नोकरी आणि दूरवर बिऱ्हाड असा एक नवा मध्यमवर्ग त्यामुळे वाढीस लागला. संध्याकाळच्या परतीच्या प्रवासात वृत्तपत्र वाचण्याची सवय या वर्गात रुजली.

मालकी व अर्थकारण : लोकप्रियता आणि आर्थिक स्थैर्य यांची सांगड क्रॉनिकलला क्वचितच घालता आली. इंग्रजी दैनिकाचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर अवलंबून असते. सरकारी खाती आणि यूरोपीय पेढ्या यांचा ओढा साहजिकच सरकारला अनुकूल असलेल्या पत्रांकडे होता. जामीन, खटले आणि प्रकाशनातील खंड यांचा भुर्दंड राष्ट्रीय पत्रांना वेगळा सोसावा लागे. पुढे क्रॉनिकलची मालकी मुंबई समाचार चालविणाऱ्या कामा कुटुंबाकडे आली आणि त्या आधारावर ते स्थिरावले. दरम्यान एस्. सदानंद यांच्या फ्री प्रेस जर्नलने (१९३०) राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकांपुढे दुसरा पर्याय ठेवला. स्वस्त किंमत व चटपटीत मांडणी यांमुळे तरुण वाचक त्याच्याकडे वळू लागला.

अवनती व अखेर : १९४६ ते १९४९ या अल्पावधीत क्रॉनिकलचा पायाच बदलला. १९४६ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया भारतीय उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या मालकीचे झाले. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये हॉर्निमन आणि १९४९ मध्ये ब्रेल्वी निवर्तले. परकीय मालकीचे सरकारधार्जिणे दैनिक विरुद्ध स्वकीय मालकीचे राष्ट्रीय दैनिक, हा पूर्वीचा भेद आता उरला नाही. वाचकाने क्रॉनिकल का घ्यावे, या प्रश्नाला १९१९ मध्ये किंवा १९३० मध्ये जे उत्तर होते, ते १९५० मध्ये लागू पडत नव्हते. यापुढची स्पर्धा पानांची संख्या, छपाईची गुणवत्ता, वार्ताहरांचे जाळे आणि जाहिराती या गोष्टींवर होणार होती. या सर्व बाबतींत मोठ्या भांडवलाच्या वृत्तपत्रसमूहांचे पारडे जड होते.

हा प्रश्न केवळ क्रॉनिकलचा नव्हता. न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये आपला अहवाल सादर केला. वृत्तपत्रांच्या मालकीचे केंद्रीकरण होत असल्याचे त्यात निदर्शनास आणले होते. मोठ्या पत्रांनी थोड्या किंमतीत पुष्कळ पाने देऊन लहान पत्रांना नामोहरम करू नये, म्हणून किंमत व पाने यांचे प्रमाण ठरवून द्यावे, अशी आयोगाची शिफारस होती. तदनुसार १९५६ मध्ये कायदा झाला. प्रत्यक्ष दर ठरविणारा आदेश मात्र १९६० मध्ये निघाला आणि पुण्याच्या सकाळ पत्राने दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरविला. वृत्तपत्राचा खप व पाने यांवर मर्यादा घालणे म्हणजे विचारस्वातंत्र्यावर मर्यादा घालणे होय, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तोवर बाँबे क्रॉनिकल इतिहासजमा झाले होते. १९५९ मध्ये ते बंद पडले.

अमेरिकेतील अनेक जुनी शहरी दैनिके विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशीच बंद पडली. ब्रुकलिन ईगल १९५५ मध्ये दीर्घ संपानंतर थांबले. शिकागो डेली न्यूज या शंभर वर्षे चाललेल्या सायंदैनिकाचा शेवट १९७८ मध्ये झाला. दूरचित्रवाणीचा प्रसार आणि वाचकांचे उपनगरांत झालेले स्थलांतर ही तेथील प्रमुख कारणे सांगितली जातात. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले आणि उपनगरांच्या वाढीबरोबर येथे वृत्तपत्रांचा वाचक वाढतच गेला. त्यामुळे क्रॉनिकलच्या अस्ताची कारणे वाचकांच्या संख्येत शोधता येत नाहीत. संपादकाच्या व्यक्तिमत्त्वावर व एका मोठ्या ध्येयावर उभ्या राहिलेल्या संस्थेला ध्येयपूर्तीनंतर नवे प्रयोजन सापडले नाही, आणि ते शोधण्यास लागणारे आर्थिक बळही तिच्यापाशी नव्हते, हे त्याचे मुख्य कारण होय.

मूल्यमापन : बाँबे क्रॉनिकलच्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मुंबईतील इंग्रजी पत्रकारितेचे स्वरूप पालटले. मुंबईचे इंग्रजी दैनिक म्हणजे राज्यकर्त्यांचे मुखपत्र, ही समजूत त्याने मोडून काढली. बातमी दडपली जात असताना ती मिळविणे हे वृत्तपत्राचे पहिले कर्तव्य होय, हा पायंडा त्याने १९१९ मध्ये पाडला व त्याची किंमतही मोजली. संपादकाची निवड करताना त्याने वंश किंवा धर्म पाहिला नाही. एका पारशी नेत्याने काढलेले हे पत्र दोन इंग्रजांनी व एका भारतीय मुसलमानाने चालविले आणि ते अखेरपर्यंत सर्व मुंबईकरांचे राहिले. त्याच्या जुन्या अंकांची सूक्ष्मपटले दिल्लीतील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय (आता प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) येथे उपलब्ध असून राष्ट्रीय चळवळ, कामगारांचे लढे, चित्रपट व क्रीडा यांच्या अभ्यासकांना ती उपयुक्त ठरतात. मुंबईच्या कोट विभागात हॉर्निमन सर्कल आणि त्यालगतचा सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी मार्ग अशी दोन संपादकांची नावे शेजारी शेजारी आढळतात. पत्र बंद पडले, तरी शहराच्या नकाशावर त्याची ही खूण कायम आहे.